शहराच्या बसवर पालिकेचा हक्क वाढवायचाय? मग नेमकं करायचं काय (ठाणे आणि नवी मुंबईवाल्यांसाठी)

बस येत नाही म्हणून वैतागून आपण सगळेच कधी ना कधी तक्रार टाकतो, मग ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा मेसेज येतो आणि विषय तिथेच मिटतो. मी घोडबंदर पट्ट्यात राहतो, कामाला रोज ऐरोलीला जातो, आणि बरीच वर्षं मीही तेच करत होतो. एकदा एका ऑफिसात अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या क्लार्कनेच बसवून समजावलं, की दादा तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे पण हे आमच्या हातातलं नाही, तुम्ही उगाच इथे चपला झिजवताय. मग कुणाच्या हातातलं आहे ते शोधायला बसलो, आणि जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खूप हेलपाटे वाचले असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बसचा रूट, तिची वेळ, तिचं भाडं आणि रस्त्यावर तिला मिळणारी जागा, हे चारही त्या शहराने निवडून दिलेल्या माणसांच्या एकाच टेबलावर ठरलं पाहिजे. आज तसं होत नाही. ते व्हावं म्हणून साध्या प्रवाशाला काय काय करता येतं, ते पुढे.

आधी समजून घ्या, कुणाच्या हातात काय

बसस्टॉप पालिकेचा आहे, हे तर घटनेतच आहे. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिने बारावी अनुसूची आणली, त्यात शहरांच्या संस्थांकडे द्यायचे १८ विषय आहेत. रस्ते आणि पूल आहेत, दिवाबत्ती आहे, पार्किंग आहे, आणि बसथांबे असंही स्पष्ट लिहिलंय. पण बस नाही! शहर वाहतूक हा विषयच त्या यादीत नाही. मी ती यादी तीनदा वाचली, मला वाटलं माझ्याच नजरेतून सुटलं असेल.

मग आपला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ बघा. त्यात कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं आहेत, कचरा, गटारं, रस्ते वगैरे, आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, म्हणजे जमलं तर करा अशी. बससेवा आहे ६६ मध्ये. म्हणजे ठाण्याची टीएमटी ९ फेब्रुवारी १९८९ पासून धावतेय, नवी मुंबईची एनएमएमटी १९९६ पासून, लाखो माणसं त्यावर कामाला जातात, तरी कायद्याच्या भाषेत ही ‘केली तर चांगलं’ या खात्यातली गोष्ट आहे. बजेट आवळायची वेळ आली की पहिला हात कुठे जातो ते यावरून कळतं.

आता भाडं. पालिकेने भाडं बदलायचं ठरवलं तरी मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० आणि एसीचं ६ वरून १२ झालं तेव्हाही ती फाइल याच वाटेने गेली. रिक्षा स्टँड ठरतात त्यात आरटीओ, सिग्नल आणि एकमार्गी रस्ते ट्रॅफिक पोलिसांकडे, लोकल रेल्वेची, ठाण्यातली मेट्रो ४ एमएमआरडीएची, म्हणजे राज्य सरकारच्या महानगर विकास प्राधिकरणाची. घोडबंदरलाच बघा ना, मुख्य रस्ता वर्षानुवर्षं राज्याच्या बांधकाम खात्याकडे, बाजूचा सर्व्हिस रोड पालिकेचा आणि मधले खांब एमएमआरडीएचे, आणि आपली बस या तिघांच्या मधून वाट काढत येते.

नवी मुंबईत तर अजून गुंता. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ स्टेशनं, ती सिडकोची, म्हणजे राज्य सरकारच्या महामंडळाची. खारघर आणि तळोजा आहे पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत. आणि तिथे धावणारी एनएमएमटी आहे नवी मुंबई महानगरपालिकेची. म्हणजे खारघरमधली एखादी ताई ज्या नगरसेवकाला मत देते त्याचा तिच्या बसच्या टाइमटेबलशी थेट संबंधच नाही, ती बस दुसऱ्या पालिकेची, आणि जी मेट्रो पकडायला ती बसने जाते ती तिसऱ्याचीच. तिने जायचं कुणाकडे? हा प्रश्न मला फार लागतो, कारण यात कुणी वाईट वागतंय असं नाही, रचनाच अशी आहे.

८ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई वन ॲप आलं, त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी सगळ्यांची तिकिटं एका जागी निघतात. चांगलंच झालं. पण तिकीट एकत्र आलं म्हणून निर्णय एकत्र आला असं नाही होत, ठाणे स्टेशनला ट्रान्सहार्बरची गाडी उतरल्यावर वर सॅटिसवरची (स्टेशनबाहेरच्या उंच बसपुलावरची) बस दोन मिनिटं थांबवायची की नाही हे ॲप ठरवत नाही.

एक वही घ्या

खरंच, शाळेची साधी शंभर पानी वही. आम्ही हे केलं तेव्हा सोसायटीतले पाच जण होतो आणि समोरच्या चाळीतल्या एक काकू, ज्या पहाटे पोळ्या करायला दोन-तीन घरी जातात. पाच कॉलम आखले: तारीख, रूट नंबर, बोर्डावरची वेळ, खरी आलेली वेळ, आणि चढता आलं का. हा शेवटचा कॉलम काकूंनी सुचवला. त्यांचं म्हणणं, बस आली म्हणजे मिळाली असं नसतं रे, दार उघडत नाही इतकी भरलेली असते ती पण आलेलीच धरणार का तुम्ही? आम्हाला हे सुचलंच नव्हतं. नंतर कळलं की सगळ्यात जास्त उपयोग त्याच कॉलमचा झाला.

दोन आठवडे नोंद ठेवा, कमी नको. एक कोरडा आठवडा आणि जमल्यास एक पावसाचा. सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ पुरे, दिवसभर उभं राहायची गरज नाही, आपापल्या बसची वाट बघताना लिहायचं. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल पण वहीचा फायदा असा की ती टेबलावर ठेवता येते, आणि समोरचा अधिकारी ती हातात घेऊन पानं उलटतो, हे मी डोळ्याने पाहिलंय. एका संध्याकाळच्या पानावर काकूंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘५२ मिनिटं, तीन बायका चालत गेल्या’. ते पान अधिकाऱ्यांनी बराच वेळ बघितलं.

मग माहिती अधिकार

तुमची वही ही तुमची बाजू झाली, आता त्यांचा कागद हवा. माहिती अधिकार कायदा २००५, महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये फी, ऑनलाइन पोर्टलही आहे. उत्तराला ३० दिवस. एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, राज्याचे नियम तसेच आहेत, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. अजून एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली. अर्जात ‘बस वेळेवर का येत नाही’ असं विचारतात. ‘का’ विचारायचंच नाही. ते फक्त नोंदीत असलेली माहिती देतात, खुलासा देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. असं लिहा:

‘मार्ग क्रमांक अमुक, मागील तीन महिने, दिवसनिहाय नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या आणि रद्द फेऱ्या यांच्या नोंदीची प्रत.’

‘सदर मार्गावरील बस ठेकेदारामार्फत चालत असल्यास कराराची प्रत, फेरी रद्द झाल्यास आकारायच्या दंडाच्या कलमासह, आणि मागील वर्षात आकारलेल्या दंडाचा तपशील.’

दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा, विषय वेगळा आहे. हा करार महत्त्वाचा आहे कारण आता बऱ्याच बस ठेक्याच्या असतात, ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि तिकिटाचा पैसा परिवहन उपक्रमाकडे, म्हणजे टीएमटी किंवा एनएमएमटीकडे, जमा होतो. त्यामुळे गाडी वेळेवर काढायला भाग पाडणारी दोरी म्हणजे ते दंडाचं कलम. पालिकेच्या हातात आज जो थोडाफार कंट्रोल आहे तो इथे आहे, आणि तो वापरला जातोय की नाही हे विचारायचा आपला पूर्ण हक्क आहे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. पोच जपून ठेवा. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

परिवहन समिती, जिच्याकडे आपण बघतच नाही

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवायला सांगेन. ज्या पालिकेची स्वतःची बस आहे तिथे कायद्याने परिवहन समिती असते. १३ सदस्य, त्यातले १२ पालिका नेमते आणि स्थायी समितीचे सभापती पदामुळे तेरावे. आणि कायदा म्हणतो की हे १२ जण प्रशासन, वाहतूक, इंजिनीअरिंग, उद्योग, वित्त किंवा कामगार विषयांचा अनुभव असलेले असावेत, आणि ते नगरसेवक असलेच पाहिजेत असं अजिबात नाही!

म्हणजे निवृत्त डेपो मॅनेजर त्यात बसू शकतो. एखाद्या कॉलेजात ट्रान्सपोर्ट शिकवणाऱ्या बाई बसू शकतात. युनियनमध्ये वीस वर्षं काढलेला कंडक्टर बसू शकतो. पण प्रत्यक्षात पक्षाची तिकिटं वाटून झाल्यावर जे नाराज राहतात त्यांची सोय म्हणून या जागांकडे बघितलं जातं, आणि आपण कुणी काही बोलत नाही म्हणून ते चालतं. तर नेमणुकीची वेळ आली की आपल्या प्रभागातल्या सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांना भेटा, एकालाच नाही, आणि एवढंच मागा की तुमच्या कोट्यातून जो जाईल त्याला कायद्यात लिहिलेला अनुभव असावा आणि तो आठवड्यातून निदान दोनदा बसने फिरणारा असावा. पहिलं कायद्यात आहे, दुसरं माझं.

आणि आता वेळही बरी आहे. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ जागांसाठी. इतक्या वर्षांच्या खंडानंतर आलेल्या नगरसेवकाला आपला विषय काय घ्यावा हा प्रश्न असतोच, तुम्ही वही घेऊन गेलात तर तो विषय तुम्ही देताय. तो प्रश्नोत्तरात विचारू शकतो, लक्षवेधी आणू शकतो, ठराव मांडू शकतो. तुम्ही त्याला तयार मसुदा द्या, टाइप केलेला, एका पानाचा.

बजेटच्या आधी, नंतर नाही

परिवहनचं बजेट व्यवस्थापक समितीला सादर करतात, तिथून स्थायी समिती, तिथून महासभा, आणि १ एप्रिलला नवं वर्ष सुरू. आपण जागे होतो मेमध्ये. दिवाळी झाली की कामाला लागायचं हे लक्षात ठेवा. बजेटच्या पुस्तकात दोन गोष्टी बघा, उपक्रमाने पालिकेकडे किती अनुदान मागितलं आणि प्रत्यक्षात किती मिळालं. हा फरक दर वर्षी पेपरातही येतो. फेऱ्या का कमी आहेत याचं अर्धं उत्तर त्या दोन आकड्यांत असतं.

याशिवाय प्रभाग समितीची बैठक आहे, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याला अर्ज १५ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. स्टॉपवर शेड नाही, बोर्ड नाही, रिक्षा स्टॉपवरच उभ्या राहतात अशा गोष्टींना हा रस्ता चांगला. मोठे विषय इथे नेऊ नका, वेळ जातो.

मागायचं काय, तेही नेमकं

‘बससेवा सुधारा’ ही मागणी नाही, ती इच्छा झाली. ठरावात जाईल असं मागा.

एक, बससेवा कलम ६६ मधून काढून कलम ६३ मध्ये, बंधनकारक कामांत टाकावी. हे पालिकेच्या हातात नाही, विधिमंडळाने कायदा बदलायला लागेल, पण पालिका तसा ठराव करून राज्याला पाठवू शकते आणि आपल्या आमदारांना त्यावर विचारता येतं. माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची मागणी आहे, कारण बाकी सगळं उद्या कुणीही मागे घेऊ शकतं.

दुसरं म्हणजे रस्ता. जिथे रस्ता पालिकेचा आहे तिथे बससाठी वेगळी लेन किंवा निदान गर्दीच्या वेळी स्टॉपच्या अलीकडे-पलीकडे पार्किंग बंदी, यासाठी ट्रॅफिक पोलिसांसोबत ठरलेली बैठक, दर महिन्याला, आणि त्याचं इतिवृत्त वेबसाइटवर. ठाणे-बेलापूर रोडवर हे करून बघण्यासारखं आहे.

मग रूट आणि वेळ ठरवताना शेजारच्या पालिकांचं एक टेबल. इथे लोक मला थांबवतात, म्हणतात अरे तू पालिकेला अधिकार द्या म्हणतोस आणि बस तर हद्द ओलांडून जाते, ठाण्याची बोरिवलीला जाते, नवी मुंबईची ठाण्याला येते. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक पालिकेने आपापली चूल मांडली तर मुलुंड चेकनाक्यावर आणि ऐरोली-दिघ्याच्या हद्दीवर प्रवासीच लटकणार. पण उत्तर म्हणून सगळं उचलून मंत्रालयाजवळच्या एखाद्या प्राधिकरणाकडे द्यायचं हेही मला पटत नाही, कारण तिथे आपण निवडून दिलेलं कुणी नसतं किंवा असलं तर नावापुरतं. २००६ च्या राष्ट्रीय शहर वाहतूक धोरणानेही मोठ्या शहरांत एकत्रित प्राधिकरण करा असं सांगितलंय, करा ना, पण त्यात ठाणे, नवी मुंबई, पनवेल, कल्याण-डोंबिवली यांचे निवडून आलेले प्रतिनिधी मतदानाच्या हक्कासकट बसले पाहिजेत, नुसते निमंत्रित म्हणून नको. ही ओळ ठरावात शब्दशः टाका.

बाहेर हे झालेलं आहे. ब्रिटनमध्ये १९८५ च्या कायद्याने, ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून सगळीकडची बस खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर सोडली, रूट त्यांचा, वेळ त्यांची, भाडं त्यांचं. २०१७ च्या कायद्याने हे परत घ्यायची वाट उघडली आणि ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने घेतलं, ५ जानेवारी २०२५ ला पूर्ण केलं. बस अजूनही कंपन्याच चालवतात, ठेक्यावर, पण रूट, टाइमटेबल आणि भाडं तिथली सार्वजनिक संस्था ठरवते. आणि ग्रेटर मँचेस्टर म्हणजे एक शहर नाही, दहा पालिका मिळून आहेत. आपल्या प्रश्नासारखाच प्रश्न होता त्यांचाही. तिथला कायदा इथे चालणार नाही हे कळतं मला, पण अनेक पालिका एका टेबलावर बसू शकतात एवढं तरी त्यावरून म्हणता येतं.

आणि शेवटची मागणी, माहिती उघडी ठेवा. रोज प्रत्येक रूटच्या ठरलेल्या आणि झालेल्या फेऱ्या वेबसाइटवर. पालिकेला अधिकार दिले तर तिथेही गैरकारभार होईलच, असं आमच्या बैठकीत एक निवृत्त काका पोटतिडकीने म्हणाले, आणि त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच ही मागणी वेगळी ठेवू नका, अधिकाराच्या मागणीला जोडूनच ठेवा. अधिकार हवाय तर नोंद उघडी, दोन्ही एकाच ठरावात.

ठराव झाला की

इथे बरेच जण पेढे वाटून घरी जातात. ठराव महासभेत पास झाला तरी काम संपत नाही. आयुक्त राज्य सरकारने नेमलेले असतात, आणि कलम ४५१ खाली सरकार पालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. म्हणून ठराव झाल्याझाल्या त्याचा क्रमांक आणि तारीख घ्या, इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागा, आणि महिन्याने अर्ज टाका की या ठरावावर काय कार्यवाही झाली, शासनाकडे पाठवला का, कोणत्या तारखेला. एकच माणूस हे करत राहिला तर थकतो, मी थकलोय मधे. दोघा-तिघांत वाटून घ्या, एकाने आरटीआय, एकाने बैठका, एकाने वही.

आमची दुसरी वही चालू आहे आता. काकूंच्या नातीने त्यात रकाने आखलेत, अक्षर चांगलंय तिचं. मागच्या पानावर तीन तारखा आहेत. दोन तारखांसमोर पोच डकवलीय, तिसरी पुढच्या मंगळवारची आहे, त्या दिवशी नगरसेवकांकडे मसुदा द्यायचाय आणि काकू म्हणाल्यात मी पोळ्यांची कामं आटपून साडेदहापर्यंत येते, माझ्याशिवाय जाऊ नका.